ताईच्या गोगलगायी, माझे रंग आणि पुढच्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणतीस, शिक्षण आठवी (नववीची पुस्तके घेतली होती, वर्गात बसलो नाही), व्यवसाय समुद्री प्राण्यांची चित्रे काढणे, राहणार चष्म्याच्या दुकानावरचा मजला, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचेही तेच मत आहे. बिघाड छातीत आहे. हृदयाची एक झडप जन्मापासून नीट मिटत नाही आणि ती बदलण्यासाठी मला येत्या गुरुवारी हॉस्पिटलात दाखल व्हायचे आहे. हा कागद करण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट हा विषय निघाला की ताई उठून भांडी घासायला लागते, भांडी घासून झालेली असली तरी. म्हणून ती कॉलेजात गेली असताना मी लिहायला बसलो आहे.

कच्चा मजकूर वकिलांना दाखवला. ते म्हणाले, कायद्याला यातला चौथा हिस्सासुद्धा लागत नाही. मी म्हणालो, बाकीचा मला लागतो. त्यावर त्यांनी हरकत घेतली नाही.

माझे लग्न झालेले नाही. आईवडील हयात नाहीत. जवळचे नातेवाईक दोनच: माझी मोठी बहीण, जिला या कागदात ताई म्हटले आहे, आणि वडिलांचे धाकटे भाऊ, ज्यांना काका म्हटले आहे आणि ज्यांना काहीही दिलेले नाही. का दिलेले नाही ते पुढे येईल. माझ्या पश्चात सगळी व्यवस्था खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांनी पाहावी. त्यांनी होकार दिला आहे, पण वेळ येऊ नये असेही म्हणाले आहेत.

कलम पहिले. खरे तर हा सगळा कागद या एका कलमासाठी आहे.

ताई प्राणिशास्त्रज्ञ आहे. ती समुद्री गोगलगायींचा अभ्यास करते. बागेतल्या गोगलगायीच्या पाठीवर शंख असतो. ताईच्या गोगलगायींनी तो केव्हाच टाकून दिलेला असतो आणि त्या उघड्या अंगाने खडकांच्या फटींत, ओहोटीच्या डबक्यांत फिरतात. तिच्या बरोबरीचे लोक प्रवाळांच्या बेटांवर गेले, बुड्या मारून खोल गेले. ताई गेली ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्याच खडकांवर, कारण मला धाप लागली तर घरात कोणीतरी असावे लागे. ती शिकायला लागल्यापासून आजपर्यंत तिच्या शास्त्राची हद्द माझ्या छातीने आखून दिली आहे. ती हे कधी बोलली नाही. बोलली असती तर मला निदान वाद घालता आला असता.

आता एका बेटावरच्या संशोधन केंद्राने तिला दोन वर्षांसाठी बोलावले आहे. स्वतःची बोट, स्वतःची खोली, समोर प्रवाळ. तिच्या वयाच्या माणसाला असे बोलावणे पुन्हा येत नाही, हे तिनेच मला सांगितले, आणि लगेच पुढे सांगितले की ती जाणार नाही, कारण ऑपरेशननंतर कितीतरी महिने मला सांभाळावे लागणार. केंद्राला उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचे आहे. अजून दिलेले नाही.

तरी माझी इच्छा अशी की गुरुवारी काहीही होवो, ताईने जावे. मी हे अट म्हणून घालणार होतो: आधी बेटावर जा, मग खोली तुझी. वकील म्हणाले, असल्या अटी कोर्टात टिकवणे कठीण असते. ताईसमोर तर त्या मुळीच टिकणार नाहीत. म्हणून ही विनंती आहे. विनंतीत खोट राहू नये म्हणून या घरातला माझा अर्धा हिस्सा, म्हणजे पुढची खोली आणि न्हाणीघराचा अर्धा हक्क, मी कोणत्याही अटीवाचून ताईला देतो. तिने कुलूप लावावे, भाड्याने द्यावे, कोणाला विचारू नये.

आणि मी जगलो तर काय, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "जगलात तर मृत्युपत्राचा प्रश्नच येत नाही."

मला नेमका तोच प्रश्न आहे.

कलम दुसरे, चित्रांबद्दल. समुद्री गोगलगाय स्पिरिटमध्ये घातली की काही दिवसांत तिचा रंग जातो. जांभळी, पिवळी, निळ्या ठिपक्यांची, सगळ्या एकाच रंगाच्या होतात, जुन्या खोडरबरासारख्या. बाटलीतल्या गोगलगायीकडे बघून ती जिवंतपणी काय होती ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ती जिवंत असताना, काचेच्या बशीत फिरत असताना तिचे रंग कागदावर उतरवून घ्यावे लागतात. हे माझे काम. फोटोही काढतात, पण फोटोत ओल्या अंगावरची चकाकी येते आणि ठिपके हरवतात.

मी या कामाला लागलो तो शाळा सुटल्यावर. जिना चढून वर्गात पोहोचेपर्यंत माझे ओठ निळे पडत, तेव्हा शाळेनेच हात टेकले. घरी बसून मी भिंतीकडे बघत असे. एकदा ताईने खडकांवरून आणलेली बादली माझ्यापुढे ठेवली, बशीत एक गोगलगाय सोडली, रंगपेटी ठेवली आणि आंघोळीला गेली. परत आल्यावर तिने चित्र बराच वेळ पाहिले, मग बशी पाहिली, मग पुन्हा चित्र.

"उद्यापासून तू माझ्याकडे कामाला," ती म्हणाली. "पगार नाही. पण शिव्याही नाहीत."

यातले दुसरे तिने पाळले नाही. बाटलीत टाकायच्या चिठ्ठीवर एक अक्षर जरी चुकले तरी ती मला फाडून खात असे. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. माझे शुद्धलेखन शाळेत झाले नाही, त्या चिठ्ठ्यांवर झाले.

सगळी चित्रे ताईला देतो. ती पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात सपाट ठेवलेली आहेत. उभी ठेवू नयेत, गुंडाळू नयेत. कॉलेजला देऊ नयेत. सरांना (ते कोण, हे पुढच्या कलमात) तर दाखवूसुद्धा नयेत. ब्रश आणि रंगही तिने बेटावर न्यावेत. तिथे रंग उतरवायला ती कोणाला तरी नेमेलच, त्याला द्यावेत. त्याने ब्रशाचे टोक तोंडात घालून करू नये, ताईला ते अजिबात चालत नाही. गोगलगाय काढायला बसण्याआधी त्याने चहा पिऊन घ्यावा, कारण नंतर मान वर करता येत नाही. ती हळू चालते, पण थांबत नाही.

कलम तिसरे, केशरी गोगलगायीची सात चित्रे आणि सर. हे जरा लांबेल.

आमच्या खडकांवर एक तपकिरी गोगलगाय नेहमी दिसते. तिच्या पाठीवर बोटांसारखे झुपके असतात. एका वर्षी ताईला बाहेरच्या, लांबच्या खडकावर अगदी तशीच, पण गर्द केशरी गोगलगाय मिळाली. मग आणखी मिळाल्या, सगळ्या त्याच खडकावर. या प्राण्यांच्या जिभेवर दात असतात; ताईने ते मोजले, तपासले, तिला थोडा फरक वाटला. मी सात चित्रे काढली. नवी जात म्हणून ती छापून आली, आणि त्या जातीला ताईने माझे नाव दिले.

आठवी पास माणसाचे नाव लॅटिन शेपूट लावून छापले गेले. मी ते पान इतक्यांदा उघडले की अंक हातात घेतला की आपोआप तिथेच उघडतो.

पुढे तिने एक जिवंत केशरी गोगलगाय न्हाणीघरातल्या काचेच्या टाकीत ठेवली. ही जात समुद्रफुले खाते, म्हणजे फुलासारखे दिसणारे, खडकाला चिकटून बसणारे प्राणी. बाहेरच्या खडकावरून आणलेली समुद्रफुले संपली तेव्हा मी आजारी होतो, ताईला लांब जाता येत नव्हते, म्हणून मी जवळच्या खडकावरची आणवून टाकीत घातली. गोगलगाय फिकी होऊ लागली. ती आजारी आहे असे मला वाटले. मी कोणालाही आजारीच समजतो. ताईला सांगायचा धीर झाला नाही. माझ्या नावाची घरात ती एकुलती एक जिवंत होती.

मग एका सकाळी ताई खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीला गेली आणि पाण्याचा आवाज काही येईना. मी दारातून पाहिले तर ती टाकीसमोर वाकून उभी होती. मी काय खायला घालतो ते तिने विचारले. मी सांगितले. ती बादली उलटी करून तिच्यावर बसली.

"धाकट्या," ती म्हणाली, "ही नवी नाही रे. ही आपली नेहमीचीच आहे. जेवण वेगळं होतं, एवढंच."

टाकीतली गोगलगाय तपकिरी झाली होती. या प्राण्याच्या पाठीवरच्या बोटांमध्ये आतड्याच्या फांद्या गेलेल्या असतात. जे खाल्ले त्याचा रंग बाहेरून दिसतो. बाहेरच्या खडकावर केशरी समुद्रफुले होती, म्हणून तिथल्या गोगलगायी केशरी. तिथे कोणी एक हंगामभर मुक्काम केला असता, तर त्याला अर्धी केशरी अर्धी तपकिरीही दिसली असती. ताईला त्या खडकावर कधी मुक्काम करता आला नव्हता. ज्या हंगामात ती तिथे राहणार होती, तो तिने माझ्या खाटेशेजारच्या खुर्चीत काढला.

ताईने सरांना जाऊन सांगितले की ती ही जात मागे घेते. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती शिकली आणि जे कॉलेजातल्या कायम जागेसाठी निवड करणार होते. त्यांचेही नाव त्या लेखावर होते. ते म्हणाले, "कोण बघायला येतंय तुमच्या न्हाणीघरात?"

ताईने तरीही स्वतःच्या नावाने छापून आणले की आपली चूक झाली. कायम जागा दुसऱ्याला मिळाली. ताईची नेमणूक तेव्हापासून दरवर्षी एकेक वर्ष वाढवून मिळते, आणि दरवर्षी तिला त्यासाठी सरांच्या दाराबाहेर उभे राहावे लागते.

छापून आले त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "तुझं नाव काढावं लागलं, तेवढंच वाईट वाटतं." मला खूप काही म्हणायचे होते. मी म्हणालो, चहा गार होतोय.

ती सात चित्रे ताईने वेगळी ठेवावीत. त्यांच्यावरचे जुने नाव खोडू नये. खाली खरे नाव मी पेन्सिलने लिहिले आहे. सरांना काहीही नाही. ते माझ्या अंत्यविधीला आले तर त्यांना मागे उभे करावे आणि बोलू देऊ नये.

कलम चौथे, काका. माझे काका कुलपे आणि किल्ल्यांचे दुकान चालवतात. आईवडील एकाच अपघातात गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई नुकतीच पदवीधर झाली होती. काका घरी आले आणि ताईला म्हणाले की या पोराच्या छातीचं काही खरं नाही, हे फार दिवस काढणार नाही, ह्याच्यापायी तू स्वतःचं आयुष्य का वाया घालवतेस. मी दाराआड होतो. ताईने त्यांना चहा दिला नाही. आमच्या घरात एवढा अपमान पुरतो. त्यानंतर ते हॉस्पिटलात येत, पण खोलीत येत नसत, बाहेर बाकावर बसून जात.

मी पुष्कळ दिवस काढले. इथवर ते चुकले. वाया घालवण्याबद्दल ते चुकले की नाही, हे मला अलीकडे ठरवता येत नाही, आणि म्हणून त्यांचा राग जास्त येतो. त्यांना काहीही नाही.

कलम पाचवे. दाराआडची काळी छत्री माझी नाही. ती हवामान खात्यातल्या एका गृहस्थांची आहे. ते ओहोटीच्या वेळा सांगण्याच्या निमित्ताने वर्षभर आमच्याकडे चहाला येत होते. वेळा छापील मिळतात. प्रत्येक समुद्री गोगलगाय नरही असते आणि मादीही, असे ताईने त्यांना सांगितले, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "मग रुसवा झाला तर समजूत कोण काढतं?" ताई इतकी हसली की चष्मेवाले खालून बघायला आले. त्या गृहस्थांची बदली झाली तेव्हा त्यांनी तिला विचारले. तिने सांगितले, धाकट्याचं ऑपरेशन होऊ दे. तेव्हा ते पुढच्या वर्षी व्हायचे होते. मग डॉक्टर म्हणाले, अजून थांबू. आम्ही थांबलो. ते गृहस्थही थोडे थांबले असावेत.

जी वस्तू माझी नाही ती मला देता येत नाही, हे वकिलांनी समजावले आहे. तरी चष्मेवाल्यांनी त्यांचा पत्ता काढून छत्री पोहोचती करावी. काडी मी बसवून घेतली आहे.

कलम सहावे. भिंगाचा दिवा चष्मेवाल्यांना. त्यांचीच काच आहे, माझा फक्त लाकडी पाय.

कलम सातवे. बँकेत जी काही शिल्लक असेल ती ताईला. यातून तिने आधी स्वतःसाठी पाण्यात घालायचे चांगले बूट घ्यावेत. सध्याच्या बुटांचा डावा तळ मी सायकलच्या ट्यूबने चिकटवला आहे आणि तो टिकणार नाही.

कलम आठवे. टाकीतल्या गोगलगायी मी हॉस्पिटलात जाण्याआधी खडकावर सोडून द्याव्यात, जिथून आणल्या त्याच डबक्यात. बाटल्या ताईच्या आहेत. त्यांतले स्पिरिट उडून जाते, वरचेवर भरावे. माझ्या शरीराचे काय करायचे ते ताईने ठरवावे. स्पिरिटमध्ये ठेवू नये. हे थट्टेने लिहिले आहे, वकिलांनी खोडायला सांगितले होते.

सह्यांबद्दल. दोन साक्षीदार लागतात. वकिलांनी बजावले की ज्याला या कागदाने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. झाला तर त्याला दिलेले रद्द होते. म्हणून चष्मेवाले बाद झाले, दिव्यामुळे. ओळखीच्या माणसांत ज्याला काहीच मिळत नाही असा एकच उरला. मी काकांना निरोप पाठवला. दुसरी सही पेपरवाल्याची घेणार होतो.

यापुढचा मजकूर सह्यांच्या वर मोकळी जागा राहिली तीत, सह्या झाल्यानंतर लिहीत आहे. असे करू नये हे मला माहीत आहे.

काका दुकान बंद करून आले. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, न बघता मी कधी कुलूपसुद्धा विकलेलं नाही, आणि चष्मा लावून पहिल्यापासून वाचत बसले. चौथ्या कलमाशी थांबले.

"दाराआड होतास होय," ते म्हणाले.

मी हो म्हणालो. मग ते खाली बघून सांगत राहिले की डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन तसेच सांगितले होते, त्यांना ते एकट्याला पेलवले नाही, आणि पेलवले नाही म्हणून ते आमच्या घरी येऊन तिच्यापुढे ओकले. त्यांनी माफी मागितली नाही. कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "शिव्या सोडून मला काहीच ठेवलेलं नाहीस की."

"म्हणूनच तुम्ही साक्षीदार," मी म्हणालो.

ते हसले. आधी मी सही केली, मग त्यांनी. तेवढ्यात ताई आली. कॉलेजातून लवकर सुटली होती. तिने खांद्यावरची पिशवीही न उतरवता, उभ्यानेच सगळे वाचले. काका तिला म्हणाले, तू जा त्या बेटावर, हा माझ्याकडे राहील, दुकानामागे खोली आहे. त्यांनी हे आधी ठरवून आणले होते की नाही, मला सांगता येत नाही. ताई म्हणाली, तुमच्याकडे दिवसभर किल्ल्या घासतात, तिथं हा झोपणार कसा. पण तिने त्यांना बसा म्हटले आणि चहाचे आधण ठेवले.

मग तिने विचारले, ज्याला मिळतंय त्याने सही केली तर काय होतं. काकांनी सांगितले, त्याचं मिळणं जातं, सही तेवढी राहते. ताईने माझ्या हातातून पेन घेतले. मी कागदावर हात ठेवला. तिने तो उचलून बाजूला ठेवला, बशीतली गोगलगाय उचलते तसा, आणि सही केली.

"आता तू गेलास तरी मला काही मिळत नाही," ती म्हणाली. "ना खोली, ना चित्रं. तेव्हा जाऊ नकोस."

मी बेटाचा विषय काढला. ती म्हणाली, गोगलगाय फार तर वर्षभर जगते, पुढच्या वर्षी तिथं दुसऱ्या असतील. असतील. जागा नसेल, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक आहे, आणि ते बोलायची सोय तिने मला याही वेळी ठेवली नाही.

पहिले, दुसरे, सातवे आणि चित्रांपुरते तिसरे कलम आता निकामी झाले आहे. उरले चष्मेवाल्यांचा दिवा, दुसऱ्याची छत्री आणि अंत्यविधीला मागे उभे राहायची सरांची जागा. एवढ्यावर मी मरणे बरोबर दिसणार नाही. वकिलांकडे जाऊन नवा कागद करावा लागेल, आणि त्यांची वेळ ऑपरेशननंतरची मिळाली आहे. तोपर्यंत हाच.

लिहून ठेवणार: सही. (डाव्या हाताला शाई लागली आहे, ती माझीच.)

साक्षीदार पहिला: काका. सही. माझ्यासमोर लिहिणाऱ्याने सही केली. माझ्याबद्दल लिहिलेले खरे आहे.

साक्षीदार दुसरी: मोठी बहीण. सही. मजकूर वाचला. मान्य नाही.

ठिकाण: चष्म्याच्या दुकानावरचा मजला, पुढची खोली.
तारीख: हॉस्पिटलात जाण्याआधीचा मंगळवार, दुपारची ओहोटी.